डॉक्टर खळदकरांनी खोडलेला निष्कर्ष

डॉक्टर गजाननराव खळदकर यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यांच्या गौरवग्रंथासाठी आपण चार पाने लिहावीत, असे समितीचे पत्र आले आणि तेव्हापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. लिहायला बसतो, उठतो, ओसरीवर येरझाऱ्या घालतो, पुन्हा बसतो. ज्या माणसाविषयी मनात नुसता आदर भरला आहे, त्यांच्याविषयी लिहिताना हात का अडावा? कारण त्या पत्रातच आहे. समितीने मला विषय सुचवला आहे तो असा: 'करडईच्या तेलाने रक्तदाब उतरतो हे डॉक्टरसाहेबांनी सिद्ध केले, त्या दिवसांच्या आठवणी.'

मंडळी, डॉक्टरसाहेबांनी तसे सिद्ध केलेले नाही. आणि का केले नाही, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही. म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

ओळख झाली ती अशी. महायुद्ध सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झाले असेल. मी सातारच्या शाळेतून नुकताच सेवानिवृत्त झालो होतो. तीस वर्षे मुलांना मराठी कविता शिकवली. आर्या, श्लोक, दिंडी, साकी असे सगळे चालीवर म्हणत आणि म्हणवून घेत दिवस गेले. शाळा सुटली आणि घरात बसल्या बसल्या डोके जड व्हायला लागले. कानात ठोके ऐकू यायचे. जिवाला स्वस्थता म्हणून नाही. बायको म्हणाली, "अहो, भिंतींना कविता शिकवण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवून या." तेव्हा शेजाऱ्यांनी खळदकरांचे नाव सांगितले.

त्यांच्या दवाखान्यात पाऱ्याचे यंत्र होते. दंडाला पट्टा गुंडाळून रबरी फुगा दाबला की पारा काचेच्या नळीत सरसर वर चढे. डॉक्टरसाहेबांनी एकदा मोजले. मग मला बाकावर बसवून विचारले, "गुरुजी, शाळेत कोणता विषय शिकवत होता?" मी सांगितले. "मग एखादी कविता म्हणा पाहू." मला वाटले, थट्टा चालली आहे. पण त्यांचा चेहरा गंभीर होता. मी हळू आवाजात दोन श्लोक म्हटले. त्यांनी पुन्हा मोजले आणि मान हलवली.

"पारा जरा खाली आला," ते म्हणाले. "पण तेवढ्यावरून मी कवितेला औषध म्हणणार नाही हं! तुम्ही बसलात, धाप ओसरली, म्हणूनही आला असेल."

पहिल्याच भेटीत त्यांचा सगळा स्वभाव या एका वाक्यात मला कळायला हवा होता. कळला नाही. मी आपला त्यांनी कानाला लावलेल्या नळीकडे टक लावून पाहत होतो. ते त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी ती माझ्या कानाला लावून माझेच हृदय मला ऐकवले. एक आखूड, एक लांब, एक आखूड, एक लांब. आयुष्यभर लघु-गुरू शिकवले, पण छातीत ते इतकी वर्षे चाललेले आहेत हे कधी मनातही आले नव्हते. मी ते बोललो तेव्हा ते हसले. "तुमचं वृत्त ठीक आहे गुरुजी, फक्त आवाज फार चढलाय."

त्यानंतर मी त्यांचा रुग्ण राहिलो तो राहिलोच, शिवाय लेखनिक झालो. माझे अक्षर बरे आहे. त्यांचे अक्षर, क्षमा असावी, त्यांचे त्यांनाही लागत नसे. नोंदवही माझ्याकडे आली.

त्या काळात डॉक्टरसाहेबांच्या डोक्यात एकच विषय घोळत होता. गावोगावी पन्नाशीची माणसे एकाएकी लुळी पडत, वाचा जाई, तोंड वाकडे होई. लोक त्याला वारे म्हणत. डॉक्टरसाहेब म्हणत, हे वारे नव्हे, हा रक्तदाब आहे, आणि रक्तवाहिन्या कडक होत गेल्याने तो असा बाहेर पडतो. युद्धामुळे साजूक तूप दिसेनासे झाले होते, बाजारात डब्यातले वनस्पती तूप आले होते. थिजणारी चरबी वाहिन्यांना बाधत असेल, पातळ तेल बाधत नसेल, अशी त्यांना शंका होती. मला समजावून सांगताना ते एकदा म्हणाले, "उसाच्या पाटात गाळ बसला की पाणी बांधावर चढतं ना, तसं." मी भारावलो. म्हणालो, "वा! यातच सगळं आलं." ते लगेच म्हणाले, "नाही आलं. ही उपमा झाली. उपमेनं तुमची कविता सिद्ध होते, माझा रोग नाही."

करडई आपल्याकडे पूर्वेच्या कोरडवाहू भागात ज्वारीच्या कडेने होते. काटेरी झाड, पिवळी केशरी फुले, आणि तेल थंडीतही न थिजणारे. डॉक्टरसाहेबांनी रहिमतपूरच्या पलीकडचे एक खेडे निवडले. तिथे रक्तदाब चढलेली माणसे असलेली वीस घरे त्यांनी हिंडून शोधली. त्यांपैकी दहा घरांना करडईचे तेल द्यायचे, दहा घरांनी आपले नेहमीचेच तेल खायचे, आणि सगळ्यांचे आकडे लिहीत जायचे. दहा घरांना त्यांनी एकच सांगितले, "तेल तेवढं हे वापरा, बाकी जेवण रोजचंच." गावच्या घाण्यावर त्यांनी स्वतः उभे राहून तेल काढून घेतले. ते दवाखान्यात आणून मोठ्या बाटल्यांत भरले आणि प्रत्येक बाटलीला, मापात चूक नको म्हणून, कागदाची खाचा कापलेली पट्टी चिकटवली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला असते ना, अगदी तशी. एक खाच, एका दिवसाचे तेल.

दर पंधरा दिवसांनी आम्ही दोघे जात असू. स्टेशनापासून सायकली. ते पुढे, मी मागे. वयाने मी मोठा, म्हणून चढावर ते काहीतरी निमित्त काढून खाली उतरत. कधी साखळी तपासत, कधी झाडावरचा पक्षी दाखवत. मला दम लागलाय हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही.

दोन-अडीच महिन्यांत वहीतले आकडे बोलू लागले. नेहमीचे तेल खाणाऱ्या घरांत पारा होता तिथेच. करडईच्या घरांत तो उतरत होता. एका घरात नव्हे, दहाही घरांत. मी रात्रंदिवस त्याच धुंदीत. मला नोंदवहीत काव्य दिसू लागले होते. सांगलीच्या वैद्यकीय मंडळींनी डॉक्टरसाहेबांना व्याख्यानाचे निमंत्रण दिले, आणि पत्रिका छापून आल्या: 'करडईच्या तेलाने रक्तदाब उतरतो.' साताऱ्यासारख्या गावात, हाताखाली ना प्रयोगशाळा ना मदतनीस, अशा माणसाच्या हातून असे काही घडावे! डॉक्टरसाहेब बोलत नसत, पण त्या दिवसांत त्यांना दवाखान्यात शीळ घालताना मी ऐकले आहे.

व्याख्यानाला आठ दिवस उरले असताना आम्ही शेवटचे आकडे घ्यायला गेलो. शेवटचे घर हवालदारांचे. पहिल्या महायुद्धातले जुने शिपाई. आता थोरला मुलगा या युद्धात आफ्रिकेकडे, त्याच्या पत्राची वाट पाहणारे. बोलायला मोठे खमके, आणि त्यांच्या पत्नी यमुनाबाई त्यांच्याहून खमक्या. त्या दुपारी डॉक्टरसाहेबांनी प्रथमच त्यांच्याकडे जेवायचे कबूल केले होते. पट्टा सुटला, पारा खाली बसला, डॉक्टरसाहेब म्हणाले, "झालं हवालदार. आजपासून तुम्ही मोकळे."

"म्हंजी सपलं?" हवालदारांनी विचारले.

"संपलं."

हवालदार आत वळून ओरडले, "आगं ए, ऐकलंस का? डागदरसायेबांनी सोडलं मला! आण मीठ!"

यमुनाबाई दारात आल्या. "येवडं वरडाया काय झालं? आन्ते की."

त्यांनी मिठाची वाटी पुढे ठेवली. हवालदारांनी चिमूटभर मीठ तळहातावर घेतले आणि लहान पोराने साखर चाटावी तसे चाटले. "आहाहा! आवं, लढाईत खंदकात बी मीठ मिळत हुतं. हितं आडीच म्हैनं आळणी आमटी! ह्या बयेनं मला पार बकरं केलं बगा."

मी हसलो. डॉक्टरसाहेब हसले नाहीत. त्यांचा हात पट्टा गुंडाळता गुंडाळता थांबला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "मीठ का बंद केलं होतं?"

"आवं, पथ्य नगं व्हय?" यमुनाबाईंना प्रश्नच कळला नाही. "तुमी औषिद दिल्यालं. बाटलीवर कागुद हाय, खुणा हायती. औषिदाला पथ्य पाळलं न्हाई तर गुन यील का?"

"पण मी म्हणालो होतो, बाकी जेवण रोजचंच."

"रोजचंच की! भाकरी, कोरड्यास, समदं रोजचंच. निस्तं मीठ घातलं न्हाई. आन् लोनचं, खर्डा न्हाई." त्या माझ्याकडे वळल्या. "आन् म्या काय माज्या मनानं केलं व्हय? ह्या गुर्जींनीच सांगितलं न्हवं का?"

वाचकहो, तो क्षण मला अजून सोडत नाही.

बाटल्या वाटल्या तो पहिला दिवस मला लख्ख आठवला. डॉक्टरसाहेब दुसऱ्या आळीत होते. मी याच उंबऱ्याशी उभा होतो. समोरच्या रानात करडई फुललेली. फुलांवर ऊन, आणि माझ्या डोक्यात मुलांना शिकवलेली एक जुनी चाल घुमत होती. आतून बाईंनी विचारले होते, "गुर्जी, पथ्य काय पाळायचं? मीठ का आंबट?" आणि माझ्या तोंडून गेले होते, "मीठ सोडा, आंबट असू दे." माझी आई आम्हा भावंडांना कोणत्याही औषधाला मीठ सोडायला लावत असे. तेच तोंडून गेले. कोणी विचारले, मी काय सांगितले, हे पुढच्या पावलाला मी विसरलोही होतो. पण त्या गावात एका घरात कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत दहाही घरांत जाते. आणि ज्यांना बाटली मिळाली नव्हती त्यांना पथ्याचे कारणच नव्हते!

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "वहिनी, पानं वाढा," एवढेच म्हणाले. जेवले. वांग्याच्या भाजीची तारीफ केली. हवालदारांच्या मुलाचे पत्र आले का ते विचारले. मग एकटेच उठून उरलेल्या नऊ घरी गेले. मला म्हणाले, "तुम्ही सावलीत बसा." परत आले तेव्हा नऊही घरांचे उत्तर एकच होते. एका घरात तर दुपारची झोपही वर्ज्य केली होती.

सायकली दामटत आम्ही स्टेशनावर आलो. गाडी यायला अवकाश होता. फलाटावर मी त्यांना म्हणालो, आणि हे लिहिताना मला लाज वाटते, "डॉक्टरसाहेब, तेल तर त्यांनी खाल्लंच ना? मिठाचं एक राहू द्या. आकडे काही खोटे नाहीत."

"आकडे खरेच आहेत, गुरुजी," ते म्हणाले. "वाक्य खोटं आहे."

त्यांनी वही मागितली. शेवटच्या पानावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेला निष्कर्ष होता. त्यांनी पेन काढले आणि त्यावर एक आडवी रेघ मारली. खाली स्वतःच्या त्या दुर्बोध अक्षरात लिहिले: मीठ विचारले नाही.

ते आठ दिवस मी कसे काढले, मला माहीत. कानातले ठोके पुन्हा सुरू झाले. व्याख्यान रद्द करतील असे वाटले होते. त्यांनी केले नाही. मिरजेला गाडी बदलून आम्ही सांगलीला उतरलो. सभागृह भरलेले होते. सांगली-मिरजेचे डॉक्टर, काही वैद्य, दोन-चार तेलाचे व्यापारीही कान टवकारून बसलेले. डॉक्टरसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "पत्रिकेवर जे छापलं आहे ते मी आज सांगणार नाही." मग सगळे जसे घडले तसे सांगितले. बाटली, कागदाची पट्टी, पथ्य, हवालदारांनी चाटलेले मीठ. लोक खदखदून हसले. मागून एक वैद्यबुवा म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, एवढं तेल वाया गेलं म्हणायचं!"

"वाया कसं? लोकांनी खाल्लं."

पुन्हा हशा. मग एका तरुण डॉक्टरांनी, जरा टोचूनच, विचारले, "पण पथ्य पाळायला सांगितलं कोणी? चूक कोणाची?"

मी तिसऱ्या रांगेत होतो. उठायला लागलो होतो. डॉक्टरसाहेबांनी नजरेनेच मला खाली बसवले.

"चूक माझी," ते म्हणाले. "तेलाच्या बाटलीवर औषधाचा कागद मी चिकटवला. आणि अडीच महिने त्या घरांत जाऊन एकदाही, मीठ खाता का, हे विचारलं नाही. मीठ सोडल्यानं पारा उतरत असावा, असं या वहीवरून वाटतं. तेसुद्धा नीट पुन्हा पाहायला हवं. तेलाविषयी मला आज काही ठाऊक नाही."

टाळ्या फार पडल्या नाहीत. तेलाचे व्यापारी तर आधीच उठून गेले होते.

परतीच्या गाडीत मी त्यांना विचारले, "माझं नाव का घेतलं नाहीत?" ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "घेतलं असतं तर सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं असतं. मला त्यांना मिठाकडे पाहायला लावायचं होतं." आणि जरा वेळाने, "शिवाय गुरुजी, पारा चढलेल्या माणसाला भरसभेत उभं करणं हे कोणत्या वैद्यकात बसतं?"

दुसऱ्या महिन्यात त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी बाटली नाही, कागद नाही. तेल घाण्यावरून थेट घरच्या भांड्यात, मीठ पहिल्यासारखे, आणि दर खेपेला काय काय खाल्ले याची साग्रसंगीत चौकशी. हवालदार म्हणत, "डागदर, आता निस्तं मी काय सपान बगतो त्येवडं इचारायचं ऱ्हायलंय." मीठ परतले तसा बहुतेकांचा पारा पुन्हा वर गेला. करडईने तो उतरतो, असे काही दिसले नाही. "असेल तर इतका बारीक फरक असेल की माझ्या यंत्राला दिसत नाही," असे डॉक्टरसाहेब म्हणतात. आपल्या रुग्णांना मात्र ते तेव्हापासून आधी मिठाचे विचारतात, मग नाव.

हे सगळे आता का उकरून काढतो आहे? कारण लोकांच्या लक्षात व्याख्यान राहिले नाही, पत्रिका राहिली. गेल्या उन्हाळ्यात कराडकडे एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचे गृहस्थ लोणच्याची फोड तेलात बुडवून खात होते. चेहरा तांबडालाल. मी म्हटले, "अहो, बेतानं." तर म्हणाले, "करडीचं हाय गुर्जी! सातारच्या खळदकर डागदरांचं त्याल. कितीबी खावा, बिनघोर!" मी हातातला घास पानात ठेवला. आणि आता समितीचे हे पत्र. तेच वाक्य या ग्रंथात छापले गेले, तर आज पंगतीत ऐकले ते उद्या पुराव्याने सांगतील. ज्या वाक्यावर डॉक्टरसाहेबांनी स्वतःच्या हाताने रेघ मारली, ते आम्ही त्यांच्या गौरवासाठी पुन्हा लिहायचे? पथ्य सांगणारा माणूस मी होतो, हे त्यांनी आजवर एका शब्दाने बाहेर पडू दिले नाही. आज मी त्यांना न विचारता ते सांगून टाकतो. समितीने यातले काही गाळायचे ठरवले तर सगळाच लेख गाळावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

तेलाचा प्रश्न डॉक्टरसाहेबांनी सोडलेला नाही, हे मुद्दाम सांगतो. रक्तदाबाचे सोडा, पण वाहिन्यांचे काय, असे ते अजून विचारतात. त्या गावातल्या तिशी-पस्तिशीच्या माणसांची एक नवी वही त्यांनी केली आहे. कोणाच्या घरी कोणते तेल, कोणते तूप, मीठ किती. वर्षातून एकदा जातात, प्रत्येकाच्या मनगटाची नाडी बोटाखाली फिरवून पाहतात. मऊ लागते की दोरीसारखी टणक, ते सांगतात आणि मी लिहितो. वाहिन्या एका दिवसात कडक होत नाहीत, तेव्हा त्या का होतात हेही एका दिवसात कळणार नाही. वीस वर्षे तरी लागतील, असे ते अगदी सहज म्हणतात, जणू पुढच्या बाजाराची गोष्ट. मी मनात त्यांचे वय मोजतो, माझे मोजतो, आणि जीव पुन्हा खालीवर होतो.

तेव्हा, वयाने मोठा म्हणून आशीर्वाद देण्याचा जो काही हक्क मला आहे, तो सगळा वापरून सांगतो. डॉक्टर खळदकरांना निरोगी अशी पुष्कळ वर्षे मिळोत. सत्कारासाठी नव्हे, त्या वहीसाठी. ती तिशी-पस्तिशीची माणसे म्हातारी होतील तेव्हा त्यांची नाडी पाहायला हीच बोटे असोत. डोळे शाबूत राहोत, पाय सायकलवर राहोत. लिहायला मी नसेन. चांगल्या अक्षराचा दुसरा कोणीतरी त्यांनी आतापासूनच शोधून ठेवावा. आणि शेवटच्या पानावर जे उत्तर निघेल ते, करडईच्या बाजूचे असो वा विरुद्ध, त्यांना एकदाही न खोडता लिहिता येवो.